कपाचे ग्रॅम करताना: मैद्याचा आकडा प्रत्येक तक्त्यात वेगळा का?

सायली_क
नमस्कार मंडळी. बेकिंग शिकते आहे. आता डिजिटल काटा हाताशी आहे, म्हणून कपात लिहिलेल्या आवडत्या रेसिपी एकदाच ग्रॅममध्ये उतरवून ठेवायच्या असं ठरवलंय. पाणी, दूध, साखर पटकन झाली, कारण सगळे तक्ते जवळजवळ एकच आकडा देतात. मैद्यावर मात्र गाडी अडली. एका तक्त्यात १ कप म्हणजे १२० ग्रॅम, दुसऱ्यात १२५, तिसऱ्यात १४०, आणि एका ठिकाणी थेट १५०.

माझ्या ब्रेडच्या रेसिपीत ४ कप मैदा आहे. म्हणजे पहिला तक्ता मानला तर ४८० ग्रॅम आणि शेवटचा मानला तर ६००. फरक १२० ग्रॅमचा, म्हणजे पहिल्या तक्त्याच्या हिशोबाने अख्खा एक कप! यातला बरोबर आकडा कोणता? आणि कप २४० मिलीचा धरायचा की २५०चा? चमच्यांची मापंही काट्यावर घ्यायची का?

मंदार७
मी सरळ २५० मिली कप आणि १२५ ग्रॅम मैदा धरतो. फार विचार करत नाही.

अनघा_र
मंदार, केकला ते बरेचदा चालून जातं, पण सायलीचा प्रश्न ब्रेडचा आहे. तिथे एवढ्या फरकाने पीठ पार वेगळं होतं.

सायली, तुला सापडलेले चारही आकडे खरे आहेत. मैदा दाबला जातो, हे सगळ्याचं मूळ. पाणी कपात कसंही ओत, कप भरला की तेवढंच राहणार. मैद्यात कणांच्या मधे हवा असते, आणि ती किती राहिली यावर कपाचं वजन ठरतं. पिशवीत बसलेल्या मैद्यात कप खुपसून भरला आणि वरून सुरीने सपाट केला, तर १४० ते १५० ग्रॅम येतात. मैदा आधी मोकळा करून चमच्याने अलगद कपात टाकला आणि मग सपाट केला, तर १२० ते १२५. चाळून लगेच भरला तर त्याहूनही कमी, ११५च्या आसपास. कप आपटला किंवा बोटाने दाबला की आकडा पुन्हा वर. म्हणून तक्ता बघताना 'एक कप मैदा किती' याच्या जोडीला 'तक्ता करणाऱ्याने कप कसा भरला' हेही शोधायचं. चांगले तक्ते ते लिहितात. जे लिहीत नाहीत ते मी बाजूला ठेवते.

चाळण्याबद्दल अजून एक. काही रेसिपींत 'चाळलेला मैदा १ कप' असतं, काहींत '१ कप मैदा, चाळून'. पहिल्यात चाळून मग मोजायचं, दुसऱ्यात मोजून मग चाळायचं. कपाने मोजत असाल तर दोन्हींत २० ग्रॅमपर्यंत फरक पडू शकतो. काट्यावर आलात की हा प्रश्नच मिटतो, १२० ग्रॅम मैदा चाळण्याआधी आणि चाळल्यावर १२० ग्रॅमच.

माझ्या वहीतले आकडे देते. हे सगळे २३७ मिलीच्या अमेरिकन कपाचे आहेत, मैदा चमच्याने भरलेला:

मैदा: १२० ते १२५ ग्रॅम
दाणेदार साखर: २००
ब्राऊन शुगर, दाबून भरलेली: २१३ ते २२०
पिठीसाखर: ११३ ते १२०
कोको पावडर: ८५ ते १००
बटर: २२७
तेल: २१८
दूध: २४५
मध: ३४०
रोल्ड ओट्स: ८० ते १००

यातून दिसेल की जे ओततं किंवा घट्ट बसतं त्याचा एकच आकडा आहे, आणि जे भुसभुशीत आहे त्याला पट्टा आहे. दाणेदार साखर फारशी दाबली जात नाही, म्हणून तिथे सगळे तक्ते एकमताने बोलतात. कोकोत गुठळ्या असतात, म्हणून तिथे मैद्यापेक्षाही जास्त गोंधळ.

सायली_क
अनघाताई, खूप आभार. पण मग माझ्या रेसिपी लिहिणाऱ्याने कप कसा भरला हे मला कसं कळणार? तिने काहीच लिहिलेलं नाही.

निखिल_ब्रेड
रेसिपीच सांगते. पाणी किती आहे?

सायली_क
४ कप मैदा, दीड कप पाणी, दीड टीस्पून मीठ, २ टीस्पून इन्स्टंट यीस्ट.

निखिल_ब्रेड
छान, आता बघ. दीड कप पाणी म्हणजे ३५५ ग्रॅम, यात वाद नाही. पाणी मैद्याच्या किती टक्के आहे ते काढू.

मैदा १२० धरला: ४८० ग्रॅम. ३५५ भागिले ४८०, म्हणजे ७४ टक्के.
मैदा १४५ धरला: ५८० ग्रॅम. ३५५ भागिले ५८०, म्हणजे ६१ टक्के.

हे दोन पूर्णपणे वेगळे ब्रेड आहेत. ६१ टक्क्यांचं पीठ ओट्यावर टाकून नीट मळता येतं, गोळा गुळगुळीत होतो, हाताला जवळजवळ चिकटत नाही. ७४ टक्क्यांचं पीठ सैल आणि चिकट, त्याला मळण्यापेक्षा भांड्यातच ओढून घड्या घालाव्या लागतात. आता रेसिपीची कृती पुन्हा वाच. पिठाचं वर्णन काय केलंय? 'मऊ गुळगुळीत गोळा होईपर्यंत १० मिनिटं मळा' असं असेल तर तिने कप खुपसून भरलेला आहे. 'चिकट राहील, पीठ वाढवू नका' असं असेल तर चमच्याने.

ब्रेड करणारे या टक्केवारीतच विचार करतात. मैदा नेहमी १००, बाकी सगळं त्याच्या प्रमाणात. पाणी साधारण ६० ते ७५, मीठ २च्या जवळ. अनोळखी कप-रेसिपी ग्रॅममध्ये आणली की मी आधी हे आकडे तपासतो. पाणी ५० टक्क्यांच्या खाली किंवा ९०च्या वर गेलं आणि लेखक साध्या सँडविच ब्रेडबद्दल बोलत असेल, तर रूपांतरात कुठेतरी चूक आहे.

वसुधा_म
एवढं सगळं करायची खरंच गरज आहे का? माझ्या केकच्या रेसिपी पहिल्यापासून कपाने आहेत आणि नेहमी सारख्याच होतात. काटा काढणं, भांडं ठेवणं, शून्य करणं, यात वेळ जातो. हाताचा अंदाजही महत्त्वाचा असतो.

अनघा_र
वसुधाताई, तुमचं म्हणणं अगदी रास्त आहे, आणि त्याचं कारणही आहे. तुमचा कप तोच, भरायची पद्धत तीच, हात तोच. तुमचा कप १४० ग्रॅमचा असला तरी दर वेळी १४०च भरत असणार, म्हणून केक दर वेळी सारखा. अडचण तेव्हा येते जेव्हा तुमची रेसिपी दुसरी कोणी तिच्या हाताने भरलेल्या कपाने करते. तुमचे केक सगळ्यांना जमावेत असं वाटत असेल तर एकच करा: पुढच्या वेळी नेहमीसारखा कप भरा आणि ओतण्याआधी काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. तुमची पद्धत बदलायची नाही, फक्त ती नोंदली जाईल.

आणि वेळेचं उलट आहे असं मला वाटतं. काट्यावर एकच भांडं ठेवायचं, मैदा घालायचा, टेअर दाबून शून्य करायचं, त्यातच साखर, पुन्हा शून्य, त्यातच कोको. कप-चमच्यांचा ढीग धुवायचा उरत नाही.

वसुधा_म
कप भरून वजन करण्याची कल्पना आवडली. करून बघते.

हेमंत_जो
थोडं अवांतर. अमेरिकेत मोजमाप कपात का रुजलं याचं बरंचसं श्रेय फॅनी फार्मर यांना दिलं जातं. बॉस्टनच्या पाककला शाळेच्या प्रमुख असताना १८९६ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी सपाट कप आणि सपाट चमचा यांचा आग्रह धरला. त्याआधी रेसिपींत 'चहाचा कप', 'अक्रोडाएवढं बटर' अशी मापं सर्रास असायची. म्हणजे आज आपण ज्या कपाला ढोबळ म्हणतोय, तो त्या काळात नेमकेपणाच्या दिशेने टाकलेलं मोठं पाऊल होता.

प्राची०९
कप २४० की २५० हा प्रश्न राहिलाच.

अनघा_र
हो, त्यावर येते. अमेरिकन कप २३६.६ मिली, पाकिटावरच्या पोषणतक्त्यात तोच २४० धरतात. ऑस्ट्रेलियात आणि आणखी काही देशांत मेट्रिक कप, २५० मिली. जपानी रेसिपींत कप २०० मिलीचा, म्हणजे अमेरिकन कपापेक्षा जवळजवळ सहावा हिस्सा लहान. राइस कुकरसोबत येणारा कप तर १८० मिलीचा, तो बेकिंगला वापरूच नये.

पण घाबरायचं कारण नाही. रेसिपीतलं सगळंच कपात असेल तर कप थोडा मोठा-लहान झाला तरी प्रमाण तेच राहतं, केक फक्त तेवढा मोठा होतो. प्रमाण बिघडतं ते मिश्र मापांमुळे. २३७ आणि २५० मध्ये साडेपाच टक्क्यांचा फरक आहे. मैदा, साखर, दूध तेवढं वाढलं, पण अंडी दोनच राहिली आणि बेकिंग पावडर तेवढीच. तरीही हा फरक कप भरण्याच्या फरकापेक्षा खूप लहान आहे. म्हणून कपाच्या आकाराची काळजी दुसरी, भरण्याची पहिली.

लेखकाचा कप ओळखायची खूण: बटर बघा. 'अर्धा कप, म्हणजे १ स्टिक' असं असेल तर अमेरिकन. एक स्टिक पाव पौंडाची, ११३ ग्रॅम. दुधापुढे २५० मिली लिहिलं असेल तर मेट्रिक. रेसिपीत एका जरी घटकाचं माप दोन्ही प्रकारे दिलेलं असलं, तरी त्यावरून बाकीचे काढता येतात.

आणि आपल्या घरातला कप किती मिलीचा ते तपासायचं असेल तर काट्यावर ठेवून शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिली. कपावर काय छापलंय यापेक्षा हे खात्रीचं.

मंदार७
टेबलस्पूनचाही असाच घोळ असतो ना?

अनघा_र
हो, आणि तो जास्त लपून राहतो. बहुतेक ठिकाणी टेबलस्पून १५ मिली, पण ऑस्ट्रेलियात २० मिली. टीस्पून मात्र सगळीकडे ५ मिली. ऑस्ट्रेलियन रेसिपीतले ३ टेबलस्पून कोको म्हणजे आपल्या चमच्याने ४.

हेमंत_जो
औंसांबद्दलही सावध राहा. औंस दोन आहेत. वजनाचा औंस २८.३५ ग्रॅमचा. द्रव-औंस हे आकारमानाचं माप, अमेरिकन २९.६ मिली. 'कप म्हणजे ८ औंस' हे वाक्य द्रव-औंसांचं आहे. ते वाचून लोक मैद्याचे ८ औंस, म्हणजे २२७ ग्रॅम, काट्यावर घेतात आणि मैदा दुपटीच्या जवळ जातो. एक कप मैदा वजनाने सव्वाचार-साडेचार औंसच भरतो.

पिंटही तसाच. अमेरिकन पिंट ४७३ मिली, ब्रिटिश ५६८. जुनी ब्रिटिश रेसिपी असेल तर अर्धा पिंट दूध म्हणजे २८४ मिली.

प्राची०९
अंड्यांचं काय? '२ मोठी अंडी' याला ग्रॅम कसे लावायचे?

अनघा_र
अमेरिकन रेसिपीतलं मोठं अंडं म्हणजे कवचाशिवाय ५० ग्रॅम. त्यात बलक १८-२० आणि उरलेला पांढरा. युरोपातली प्रतवारी वेगळी, तिथे कवचासकट ५३ ते ६३ ग्रॅमचं अंडं मध्यम आणि ६३ ते ७३चं मोठं. म्हणजे अमेरिकेतलं मोठं हे युरोपातल्या मध्यमच्या जवळ जातं. अंडी लहान असतील तर फोडून फेटायची आणि लागतील तेवढे ग्रॅम घ्यायची. तीन अंड्यांतून १०० ग्रॅम घेतली तरी काही बिघडत नाही.

सायली_क
आणि चमचे? मीठ, सोडा, यीस्ट काट्यावर घेऊ का?

निखिल_ब्रेड
तुझा काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल तर घेऊ नकोस. ३ दाखवतो तेव्हा आत अडीच असतील किंवा साडेतीन. यीस्टच्या एका टीस्पूनचं वजनच साधारण ३ ग्रॅम, म्हणजे चूक सहज १५ टक्क्यांच्या वर. तिथे सपाट टीस्पून जास्त भरवशाचा. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर उत्तम.

छोट्या काट्याशिवाय १ ग्रॅम यीस्ट हवं असेल तर: ५ ग्रॅम यीस्ट ५० ग्रॅम पाण्यात नीट ढवळायचं आणि त्यातलं ११ ग्रॅम मिश्रण घ्यायचं. त्यात १ ग्रॅम यीस्ट आणि १० ग्रॅम पाणी आहे. रेसिपीच्या पाण्यातून ते १० वजा करायचे. ढवळल्याबरोबर लगेच घ्यायचं, यीस्ट तळाशी बसतं.

बारीक मीठ १ टीस्पून म्हणजे ६ ग्रॅम. पण जाडसर, पापुद्र्यांचं मीठ असेल तर तेवढ्याच चमच्यात ३ ग्रॅमही भरू शकतं, म्हणजे निम्मं. मिठाच्या बाबतीत 'एक चमचा' हे माप मला मैद्याच्या कपापेक्षाही धोक्याचं वाटतं, कारण जिभेला ते पहिल्या घासात कळतं.

ऋतुजा_प
माझ्याकडे अजून काटा नाही. तोपर्यंत काय करू?

अनघा_र
ऋतुजा, मैदा डब्यातच चमच्याने हलवून मोकळा कर. चमच्याने कपात शीग येईपर्यंत टाक, हलवू नकोस, आपटू नकोस, आणि सुरीच्या सरळ पाठीने शीग उतरव. दर वेळी असंच. ब्राऊन शुगर मात्र दाबूनच भरायची, उलटल्यावर कपाचा आकार राहायला हवा. दूध-पाण्यासाठी रेघांचं पारदर्शक भांडं, ओट्यावर ठेवून डोळे रेघेच्या पातळीला आणून बघायचं. मैदा त्या भांड्यात मोजू नकोस, कारण वर जागा उरते आणि सपाट करता येत नाही, मग लोक आपटून पातळी बघतात.

सायली_क
निखिलदादा, कृती पुन्हा वाचली. स्पष्ट लिहिलंय: 'पीठ बोटांना चिकटेल, मैदा वाढवायचा मोह टाळा, दर अर्ध्या तासाने घडी घाला.' म्हणजे १२०चा कप! माझी वहीतली नोंद अशी झाली:

मैदा ४८० ग्रॅम
पाणी ३५५ ग्रॅम (७४ टक्के)
मीठ ९ ग्रॅम (१.९ टक्के)
यीस्ट ६ ग्रॅम (१.२५ टक्के)

मिठाचा टक्का २च्या जवळ आला, म्हणजे ४८० बरोबर असावा असं अजून एक कारण मिळालं ना?

निखिल_ब्रेड
अगदी बरोबर विचार केलास. ५८० मैद्याला ९ ग्रॅम मीठ म्हणजे दीड टक्का, तेही चालतं, म्हणून फक्त मिठावरून ठरवता आलं नसतं. पण कृती आणि मीठ दोन्ही एकाच बाजूला बोलतायत.

पहिल्यांदा करताना ३५५ पैकी २५-३० ग्रॅम पाणी मागे ठेव. सगळा मैदा सारखं पाणी पीत नाही. प्रथिनं जास्त असली तर जास्त पितो, कणीक त्याहून जास्त. पीठ बघून मग उरलेलं घाल आणि शेवटी जेवढं घातलंस तो आकडा वहीत लिही. तो तुझ्या मैद्याचा आकडा.

मंदार७
माझ्या काट्यावर मिलीचं बटण आहे. तेल-दुधासाठी ते वापरलं तर?

हेमंत_जो
अशी बटणं बहुधा पाण्याचीच घनता धरतात, काहींत दुधाची वेगळी सोय असते. पाण्याच्या बटणावर २०० मिली दाखवेपर्यंत तेल ओतलं तर प्रत्यक्षात २०० ग्रॅम तेल येतं, म्हणजे जवळपास २१७ मिली. मधाचं तर विचारूच नका, २०० ग्रॅम मध म्हणजे जेमतेम १४१ मिली. बटण विसरा, ग्रॅमवर ठेवा, आणि मिलीला घनतेने गुणा: तेल ०.९२, दूध १.०३, मध १.४२.

ऋतुजा_प
काटा घेतला की आधी हेच करणार. मध कपात मोजला की निम्मा कपालाच चिकटून राहतो, तो काट्यावर कसा घेता?

अनघा_र
मधाची बाटलीच काट्यावर ठेवायची आणि शून्य करायचं. मग चमच्याने मध काढून थेट पिठाच्या भांड्यात टाकायचा, चमचा निपटून घ्यायचा. काटा उणे आकडा दाखवायला लागतो. पाव कप हवा असेल तर उणे ८५ दिसलं की थांबायचं. फक्त मधे फार वेळ थांबू नका, बरेच काटे आपोआप बंद होतात आणि मग शून्य हरवतं. पीनट बटर आणि गोल्डन सिरपलाही मी हेच करते.